देडतलाईला ठेवलेली प्रत

शैलजाताई चौधरी यांची आणि माझी पहिली भेट झाली ती वादावादीनेच. आमच्या बुऱ्हाणपूरच्या धर्मादाय रुग्णालयात त्या संगणक विभागाच्या प्रमुख म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या; मी तिथल्या रक्तपेढीचा डॉक्टर. सकाळची घाई, समोर रक्तदाते बसलेले, आणि दारात या उभ्या. नमस्कार-चमत्कार उरकताच त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, उद्या ही इमारत नसली तर तुमच्या पेढीचं काय उरेल?"

सकाळी सकाळी कोणी असले अभद्र बोलले की माझे डोके फिरते. "इमारतीला काय धाड भरली आहे?" मी म्हणालो.

"काही नाही भरली," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण भरल्यावर विचारून उपयोग नसतो." आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या बसल्या त्या आजतागायत उठलेल्या नाहीत, असे आम्ही रक्तपेढीवाले गमतीने म्हणतो. ताईंना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथात चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. हे शब्द मी समाधानाने लिहीत आहेच, पण त्याहून अधिक सुटकेच्या भावनेने लिहीत आहे. ती सुटका कशापासूनची, हे सांगण्यासाठीच हा लेख.

ताई आल्या तो काळ आमच्याकडे एकत्रीकरणाचा होता. संस्थेचे शहरातले रुग्णालय, खकनारचा दवाखाना आणि देडतलाईचा दवाखाना, तिन्ही ठिकाणी वेगवेगळे संगणक होते. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. खकनारला तपासलेला माणूस बुऱ्हाणपुरात आला की आम्ही त्याला पुन्हा नव्याने सुया टोचत असू. तेव्हा विश्वस्तांनी ठरवले की सगळ्यांच्या नोंदी बुऱ्हाणपूरच्या एका सर्व्हरवर आणायच्या. बाहेरून कामाला बोलावलेली मंडळी हुशार होती. त्यांनी सुचवले की जे रुग्ण बरीच वर्षे फिरकलेले नाहीत त्यांच्या नोंदी मागेच सोडाव्यात. काम निम्मे होईल. अध्यक्षसाहेबांनाही ते पटले. जुनी अडगळ नव्या घरात कोण नेतो?

ताई एकट्या आडव्या आल्या. "जो माणूस आला नाही तो एक तर बरा झाला असेल, नाही तर अजून यायचा असेल," त्या म्हणाल्या. "यायचा असेल तर तो आपल्याच भरवशावर येणार." नुसते बोलून त्या थांबल्या नाहीत. भर उन्हाळ्यात खकनारच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी बैठक मारली. तिथल्या जुन्या संगणकातली एकूण एक नोंद नव्या सर्व्हरवर आली की नाही, हे त्यांनी स्वतः ताडून पाहिले. त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायला गेलेला माणूस हमखास खरडपट्टी ऐकून परत येई. मीही आलो आहे.

सर्व्हर एक झाला आणि ताईंचा पहिलाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सगळे एकाच टोपलीत. टोपली पडली तर? रोजची एक प्रत शेजारच्या संगणकावर उतरत होती, पण ताईंना ती पुरेशी वाटत नव्हती. दर आठवड्याची एक प्रत बुऱ्हाणपूरच्या बाहेर, दुसऱ्या गावी ठेवली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा आमच्याकडचे इंटरनेट मनात येईल तेव्हा चालणारे, म्हणून डिस्कच गावी न्यायची. विश्वस्तांच्या सभेत अध्यक्षसाहेब म्हणाले, "ताई, आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची? लोक काय म्हणतील?"

ताईंनी विचारले, "तुमच्या घरी विरजण संपलं तर वहिनी काय करतात?"

"शेजारून आणतात."

"आणि शेजारणीकडे ते कुठून आलेलं असतं?"

अध्यक्षसाहेब हसले. "आमच्याकडूनच गेलेलं असतं."

"झालं तर मग. आणि विरजण चांगलं आहे का, हे वाटीत बघून कळत नाही. दही लागलं की कळतं. म्हणून दर महिन्याला मी ती प्रत परत आणून तिच्यावर सर्व्हर उभा करून बघणार." ठराव तिथेच मंजूर झाला. विश्वस्तांना डेटाबेस म्हणजे काय हे त्या दिवशी कळले की नाही, देव जाणे. दही मात्र सगळ्यांना कळले.

प्रत ठेवायला देडतलाईचे गजाननभाऊ पाटील पुढे आले. ते केळीचे मोठे बागायतदार, शिवाय व्यापारी आणि तिथल्या दवाखान्याच्या समितीवर. डिस्क कुलूपबंद असे, म्हणजे परवलीचा शब्द घातल्याशिवाय तिच्यातले कोणालाच वाचता येत नसे. आणि तो शब्द बुऱ्हाणपुरात. "वा ताई," गजाननभाऊ म्हणाले, "सामान माझ्या घरी अन् चाबी तुमच्याजवळ!" तरी त्यांनी मोठ्या अभिमानाने जबाबदारी घेतली. ताईंनी फोनवर एकच सूचना केली होती की डिस्क थंड जागी ठेवा.

पहिल्याच महिन्याच्या तपासणीला प्रत परत आली. ताईंनी ती एका जुन्या संगणकाला जोडली. डिस्कने हूं की चूं केले नाही. उघडून पाहिले तर आत गंज चढायला लागलेला. ताईंनी गजाननभाऊंना बोलावून घेतले. भाऊ आले, बसले, पाणी प्यायले.

"भाऊ, डिस्क कुठं ठेवली होती?"

"थंड जागी, तुम्ही म्हनला तसं. आमच्या केळी पिकवायच्या खोलीत! ताई, अख्ख्या देडतलाईत तितली थंडी जागा दुसरी नई. बाहेर आग पडत असते, तिथं एकदम हिवाळा."

ज्यांनी ती खोली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. केळी एकसारखी पिकावीत म्हणून ती खोली थंड ठेवतात हे खरे, पण हवाही मुद्दाम ओलसर ठेवतात. केळी झकास पिकतात. डिस्कही पिकली.

मी तर पोट धरून हसलो. आता भाऊंची काही धडगत नाही असे मला वाटले होते. पण ताई म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी. मी थंड म्हटलं, कोरडी म्हटलं नाही. तुम्ही तर गावातली सगळ्यात चांगली जागा दिलीत." भाऊंचा उतरलेला चेहरा पुन्हा फुलला. पुढे ती डिस्क स्टीलच्या डब्यात, भाऊंच्या आईच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत राहू लागली. माउलीने तिला कधी दमट हात लावू दिला नाही. ताई आम्हांला ज्या शब्दांत झाडतात त्याच ताई गजाननभाऊंशी असे बोलू शकतात, हे त्या दिवशी मला समजले. चूक करणारा कामचुकार आहे की भाबडा, हे त्या आधी पाहतात.

त्यानंतर दरमहाची ती तपासणी आमच्याकडे 'ताईंची तालीम' म्हणून प्रसिद्ध झाली. देडतलाईहून प्रत यायची आणि त्याच जुन्या संगणकावर सगळा डेटाबेस नव्याने उभा राहायचा. मग ताई कोणालाही हाक मारायच्या, कधी परिचारिकेला, कधी मला. "तुम्हांला आठवणारा एखादा रुग्ण सांगा." आम्ही सांगायचो, त्या शोधायच्या. सापडला की नोंद बरोबर आहे का ते वाचून दाखवायच्या. तालीम संपली की त्या संगणकाची पिन भिंतीतून काढून ठेवायच्या. "वापरत नाही तर लावायची कशाला?" एवढेच त्यांचे कारण. मला या तालमीचा मनस्वी कंटाळा येई. मी मुद्दाम आडवळणाचे रुग्ण सांगून त्यांना अडवू पाहत असे. त्या एकदाही अडल्या नाहीत.

ताईंच्या मनाचा मोठेपणा सांगायचा तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. नोंदणीच्या खिडकीवर काम करणाऱ्या एका मुलीच्या हातून एकदा बऱ्याच नोंदी पुसल्या गेल्या. ताईंनी त्या प्रतीवरून परत आणल्या आणि वर कळवले की नोंदी पूर्ववत झाल्या आहेत. अध्यक्षसाहेबांनी विचारले, कोणी पुसल्या? "काय गेलं होतं ते मी बघते; कोणामुळे गेलं ते बघायला मला वेळ नसतो," हे त्यांचे उत्तर. ती मुलगी आज आमच्या नोंदणी विभागाची प्रमुख आहे. दुसरी गोष्ट माझ्या घरची. माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा राजघाटाजवळच्या आपल्या घरून ताई रोज डबा पाठवत. त्यात कधी खिचडी, कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि वर चिठ्ठी: 'डबा घासून पाठवावा. मागचा तेलकट होता.' माया करतानाही खडसावायचे ते खडसावायचेच.

आता ज्या दिवसासाठी हे सगळे लिहिले त्या दिवसाकडे येतो.

श्रावणातली सकाळ होती. वीज गेली, आणि परत आली ती अंगात आल्यासारखी. दिवे क्षणभर पांढरेफटक झाले आणि संगणकाच्या खोलीतून जळका वास आला. सर्व्हर गेला. रोजची प्रत ज्यावर उतरत होती तो शेजारचा संगणकही त्याच तारेवर होता, तोही गेला. मधे बसवलेले संरक्षक यंत्र सर्वांत आधी गेले.

त्याच सकाळी रेखा नावाची एक तरुणी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. पहिली खेप, अंगात रक्त कमी, आणि वार गर्भाशयाच्या तोंडाशी असल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागणार, तीही फार न थांबता. रक्तस्राव होणार हे उघड होते. आम्ही तिच्या गटाचे रक्त काढले, तपासले, जुळत होते. बाटल्या तयार ठेवल्या. मी सहज विचारले, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का?"

"लहानपनी चढवलं होतं, खकनारच्या दवाखान्यात," ती म्हणाली. "मलेरिया झालता. पहिल्यानं काही नई झालं. पुन्हा चढवलं तं आठ दिवसांनी अंग पिवळं पडलं, लघवी लाल झाली. मरता मरता वाचले म्हनतात."

मी तयार बाटल्या परत शीतकपाटात ठेवायला सांगितल्या. वाचकांना थोडक्यात सांगतो. रक्ताचा गट एक असला तरी रक्तात आणखी पुष्कळ घटक असतात. एखाद्या घटकाशी शरीर एकदा वैर धरते. काही वर्षांनी ते वैर तपासणीत दिसेनासे होते. रक्त जुळते आहे असेच तपासणी सांगते. शरीर मात्र विसरलेले नसते. तसले रक्त पुन्हा गेले की ते त्याचा फडशा पाडते, आणि बाळंतिणीच्या अंगात असे झाले तर हातात फारसे काही उरत नाही. कोणत्या घटकाशी वैर आहे हे जुन्या नोंदीतच असणार होते. नमुना इंदूरला पाठवून उत्तर येईपर्यंत थांबण्याची तिची परिस्थिती नव्हती. आणि नोंद होती जळालेल्या सर्व्हरमध्ये.

मी धावत ताईंकडे गेलो. त्या फोनवर होत्या. "गजाननभाऊ, डबा घेऊन निघा. हो, झालं काहीतरी. पण गाडी सावकाश चालवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ती जुनी मशीन जिवंत आहे. तिची पिन काढलेली होती."

गजाननभाऊ दुपारी पोहोचले. त्यांची गाडी केळ्यांनी भरून बाजाराला निघायच्या तयारीत होती; उतरवण्यात वेळ नको म्हणून ते केळ्यांसकट आले. डबा शेजारच्या आसनावर, पट्टा लावून. ताईंनी डिस्क जोडली आणि डेटाबेस उभा करायला घेतला. मी मागे येरझाऱ्या घालत होतो. पडद्यावर नावे दिसू लागताच मी म्हणालो, "शोधा!" त्यांनी शोधले नाही. आधी सगळे आले आहे की नाही ते पाहिले, तालमीतले ओळखीचे रुग्ण एकेक करून काढले, खकनारच्या नोंदी ताडल्या. "ताई, तिकडे बाई आडवी आहे!" मी ओरडलो.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि मान वर केली नाही.

मग शोध घेतला. रेखाच्या वडिलांचे आडनाव पाटील, गाव खकनारकडचे. हे सगळे तिच्या सासूबाईंनी आधीच सांगितले होते. पाटलांची ही रांग लागली, पण त्यांत रेखा एकही नव्हती. पुन्हा शोधले. नाही.

मी संतापलो. भीतीचाच तो संताप होता. "तुमची प्रत अर्धीच आली आहे," मी म्हणालो. "एवढ्या तालमी केल्या आणि ऐन वेळी..."

"प्रत पुरी आहे," ताई म्हणाल्या. "मी ती बघितली आहे. आपण विचारतोय ते चुकतंय." आणि उठून त्या थेट वॉर्डात गेल्या. मी त्यांच्या मागे.

सासूबाई उशाशी बसल्या होत्या. ताईंनी रेखाच्या कपाळावर हात ठेवला. "बाळा, तुझी आई तुला काय म्हणून हाक मारते?"

रेखाने आधी सासूबाईंकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "सुनंदा."

"लग्नात नाव बदललं?"

तिने होकारार्थी मान हलवली. सासूबाई गडबडून उभ्या राहिल्या. "आमच्यात बदलतातच ना ताई! तांदळावर लिहून ठेवलं ते नाव. मला काय माहीत बापा, कंपूटरला माहेरचं लागते म्हनून! आम्ही तं रेखाच समजून बसलो."

सुनंदा पाटील पहिल्याच झटक्यात सापडली. खकनारची जुनी नोंद, जी अडगळ म्हणून मागे राहणार होती ती. कोणत्या घटकाशी तिचे वैर आहे हे त्या नोंदीत स्वच्छ लिहिले होते, आणि त्या वेळी जुळलेल्या रक्तदात्यांची नावेही होती. मी शीतकपाटातल्या तयार बाटल्या तपासून घेतल्या. तो घटक त्यांच्यात होता. आम्ही त्या तिला चढवणार होतो, आणि नोंद नसती तर बहुधा चढवल्याही असत्या. हे आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्या रक्तदात्यांपैकी दोघे शहरातच होते. एक जण तर माग बंद करून, अंगावरचे सुताचे तंतू झटकत आला. योग्य रक्त हाती आले, शस्त्रक्रिया झाली, मुलगी झाली. आई आणि बाळ दोघीही सुखरूप. केळी त्या दिवशी सगळ्या वॉर्डांत वाटली गेली. गजाननभाऊंनी एक घडसुद्धा परत नेला नाही.

मी ताईंना सांगायला गेलो तेव्हा त्या प्रतीत नसलेल्या दिवसांचे केसपेपर गोळा करत होत्या. त्या दिवसांच्या नोंदी पुन्हा भरायच्या होत्या. "बाई बरी आहे?" त्यांनी विचारले.

"बरी आहे. बाळही छान आहे."

"मग मी जरा रडून घेते," असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले. मी बाहेर उभा होतो आणि माझेही डोळे कोरडे नव्हते. इतका हलका मी आयुष्यात फार थोड्या वेळा झालो आहे. थोड्या वेळाने ताई तोंड धुऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उभे काय राहिलात? रक्तपेढीचे कागद अजून आले नाहीत माझ्याकडे."

सर्व्हर नवा आला. आज प्रती ठेवण्याच्या पद्धतीही बदलल्या आहेत. आता त्या डब्यातून प्रवास करत नाहीत. तालीम मात्र चालूच आहे, आणि मी आता कंटाळत नाही. नोंदणीच्या खिडकीवर विवाहित स्त्री आली की माहेरचे नाव आधी विचारले जाते. हा नियम ताईंनी लावला, आणि जिल्ह्यातल्या इतर दवाखान्यांतून तो कसा राबवायचा हे विचारायला लोक त्यांच्याकडे येतात.

या ग्रंथासाठी मी सुनंदाच्या घरी गेलो होतो. हो, सुनंदाच. त्या दिवसापासून सासूबाई तिला याच नावाने हाक मारतात. नात शाळेत जाते, केळीच्या बागेत धुडगूस घालते. ताईंसाठी काय निरोप द्यायचा, असे मी विचारले. सुनंदा लाजून हसली. सासूबाईंनी मात्र हातातले काम बाजूला ठेवले.

"ताईला म्हना, अजून पक्कं जगायचं हे तुम्हाला. या पोरीच्या लग्नापर्यंत तरी. ताईनंच बसायचं मांडवात पहिल्या रांगेत. अन् व्याह्यांना आम्ही आधीच सांगनार हाओत: पोरगी नेता तं न्या, तिचं नाव बदलायचं नई."

ताई, नात अजून लहान आहे. तेवढी वर्षे, आणि त्या मांडवापर्यंत चालत जाता येईल इतके धड गुडघे, तुम्हांला लाभोत. आम्ही सगळे तुमच्याबरोबर येणार आहोत.